न जळालेल्या गोवऱ्या

सौंदड, जि. भंडारा
ता. ९ मार्च १९५५

देवरीचे दुधरामदादा, जे वयाने, नात्याने आणि आवाजानेही आमच्यापेक्षा मोठे, त्यांना सौंदडच्या जावयाचा वाकून नमस्कार. (चाकापाशी बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढे वाकता आले तेवढे गोड मानून घ्यावे.)

तुमचा गुडघा कसा आहे? कुंदावहिनींचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली का? इकडे सर्व खुशाल आहे; जे मातीचे होते तेवढेच फुटले. तुमची बहीण शामकला तुमच्याकडे आली आहे ती हवापालटासाठी, असे मी इथे सगळ्यांना सांगितले आहे. (सौंदडपेक्षा देवरीची हवा वेगळी ती काय, असे आमच्या शेजारच्या पुनारामने विचारले. तिकडे जंगल जास्त आहे, असे सांगून मी घरात आलो.) ती परत येते की नाही, हा या पत्राचा विषय नाही. विषय मडक्यांचा आहे. फक्त एक विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो, की हे पत्र मनातल्या मनात वाचावे. तुम्ही साधे पोस्टकार्ड वाचायला घेतले तरी रस्त्यावरची माणसे थांबतात, आणि शामकला तांदूळ निवडत समोरच बसलेली असणार, हे मला ठाऊक आहे. तरी विनंती केली, म्हणजे माझ्याकडून राहिले असे होऊ नये.

तर दिवाळीनंतर मी नागपूरला गेलो होतो तेव्हा एका प्रदर्शनात काचेआड ठेवलेले मडके पाहिले. फणसाच्या सालीसारखे खरबरीत. शिकलेली-सवरलेली माणसे त्याच्याभोवती उभी राहून हळू आवाजात बोलत होती, जशी आपण आजाऱ्याजवळ बोलतो. आपल्याकडे मडके खरबरीत निघाले तर बाया कुंभाराच्या दारात नेऊन आपटतात, आणि तिथे त्याला काचेची पेटी! धान कापून झाले होते, हाताला काम नव्हते, आणि रिकाम्या माणसाच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नाही. मी गाडीतच ठरवले की हे आपल्याला जमेल. आपण तलाव बांधणाऱ्यांची औलाद. आज्या-पणज्यांनी तलावाची पाळ घातली ती अजून थेंबभर झिरपत नाही, मग एवढ्याशा मडक्यात पाणी ठेवणे म्हणजे काय मोठी गोष्ट? (मोठी गोष्ट आहे, दादा.)

आता मडके करायचे म्हणजे चाक पाहिजे. गोठ्यात आमची रेंगी, माणसे न्यायची हलकी बैलगाडी, उभी होती, तीच, जिच्यात शामकला पहिल्यांदा या घरी आली आणि जिच्यात दर वर्षी अक्षयतृतीयेला तुमच्याकडे येते. रेंगीला दोन चाके असतात आणि मला एकच पाहिजे होते, म्हणजे तिच्याजवळ एक शिल्लक राहतेच, असा मी हिशेब केला. चाक काढून गोठ्यातच एका खुंटीवर आडवे बसवले आणि जड व्हावे म्हणून कडेला ओल्या मातीचा जाड थर थापला. फिरले, नाही असे नाही. पहिल्या दिवशी तर इतके फिरले की वरचा गोळा सुटून पुनारामच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसला. तो म्हणतो मी नेम धरला होता. एवढा नेम असता तर गोळा चाकाच्या मधोमध नसता का बसवला? बाकीचे सामान घरातूनच जमवले, म्हणजे माती चाळायला मच्छरदाणीचा तुकडा, कापायला सायकलीची तार आणि नक्षी उठवायला स्वयंपाकघरात हाताला येईल ते. खोबऱ्याची किसणी मी दाबून पाहिली, सूप दाबून पाहिले, फणी ओढून पाहिली. (त्यानंतर आठवडाभर भाजीत माती आणि वेणीतही माती. शामकलाने एक शब्द काढला नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होते.)

मग मला सुचले की ओल्या मडक्यावर धानाचे दाणे खोचून बसवावे, खरबरीतपणा आपल्या भागाचा दिसेल. बसवले. मडके सावकाश सुकावे म्हणून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले आणि एका लग्नाला गोंदियाला जाऊन आलो. परत येऊन पोते उचलले तर सगळ्या दाण्यांना कोंब! हिरवेगार मडके, त्यावर वारा आला की लहर उठे. पुनाराम कुंपणावरून पाहत होताच. म्हणाला, “काऊन जी, मडक्यावर पऱ्हे टाकून राहिले का? रोवणी कवा हाय?” दुसऱ्या दिवशी त्याच्याच बकरीने ती पऱ्ह्याची रोपे खाल्ली आणि सोबत मडक्याचा काठही खाल्ला.

इथून पुढे नीट ऐका, कारण इथे सगळे बिघडले. माती तडकू नये म्हणून तिच्यात शेण आणि धानाचा कोंडा मिसळावा, असे मी कुठेतरी ऐकले होते. त्याप्रमाणे मोठा ढीग कालवला आणि मुरायला ठेवला. आणि जागा सावलीची म्हणून ठेवला तो नेमका गोठ्याच्या त्या कोपऱ्यात, जिथे रोजचे शेण पडते. सकाळी शामकला गोवऱ्या थापायला गेली. मला आता आठवते की तिने विचारलेही होते, “शेन आज जड काऊन लागून राहिलं जी? बैलाइले काय चारलं?” मी किसणीच्या विचारात होतो. मी म्हणालो, हूं. तेवढ्यावर तिने तो सगळा ढीग भिंतीवर थापला. मला वाटले माती चोरीला गेली, आणि बरेच दिवस मी पुनारामकडे त्या नजरेने पाहत होतो.

मडकी भाजायचा आवा लावायचा दिवस आला तेव्हा मी नवी माती करून तिची मडकी तयार ठेवली होती. खाली लाकडे आणि कोंडा, मध्ये मडकी, सभोवती शामकलाच्या गोवऱ्या, वर धानाचे वाळके तणीस. अर्धी गल्ली पाहायला जमली होती. पुनाराम होता, सेवकराम सुतार होता, शांतीबाई तर घरून पाट घेऊन आली होती. विस्तव लावला. तणीस भुर्रकन जळाले, धूर झाला, सगळे खोकले, आणि गोवऱ्या जशाच्या तशा. फुंकले, वारा घातला, घासलेट ओतले, पण गोवरी पेट घेईना. आणि मग, दादा, मी सगळ्यांसमोर बोललो की घरच्या बाईला साधी जळणारी गोवरी थापता येत नाही, तिथे माणसाने काय भाजावे! ज्या बाईच्या गोवऱ्या भर पावसात अर्धी गल्ली मागून नेते, तिला मी हे म्हणालो. शांतीबाईने पाट उचलला आणि ती घरी गेली.

शामकलाने रात्रीच गाठोडे बांधले. सकाळी मोटार थांबते तिथे ती बोलली, आणि तुमची बहीण असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेले. “रेंगीले चाक लागन तवाच घ्याले या. मोटारीनं आले त तसेच वापस जा.” मोटार गेली. मी थोडा वेळ तिथेच उभा होतो, कारण घरी जाऊन करण्यासारखे काही नव्हते.

खालचा कोंडा मात्र आतल्या आत धुमसत राहिला होता. थंड झाल्यावर मी आवा उकरला. मडकी सगळी फुटली होती. एक अख्खे वाटले, त्यात पाणी ओतले तर जेवढे ओतले तेवढे पायावर आले. आणि सभोवती राखेत लाल, खणखणीत ताटल्या पडल्या होत्या. कोंडा जळून गेल्याने अंगभर बारीक खरबरीत खुणा, आणि प्रत्येकीवर पाच बोटे. नागपूरला काचेत होते ते यापुढे काहीच नाही. मी जन्मभर किसणी दाबत बसलो असतो तरी असे उठले नसते. एक ताटली मी चुलीपाशी उभी करून ठेवली आहे. जेवताना तिच्यावर माझा हात ठेवून पाहतो. बोटे बसत नाहीत. घर फार मोठे वाटते, दादा, आणि मला करमत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जावे.

तुमचा,
जागेश्वर

ता. क. – तुमच्या गोठ्यामागे जुन्या रेंगीचे एक चाक पडून आहे, ते येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर पाठवावे. आमच्या चाकावरची माती दगड झाली आहे, निघत नाही. मागतो आहे ते रेंगीसाठी. मडक्यांसाठी नाही, गळ्याशपथ.

ता. क. – पत्र टाकायचे राहिले होते. चाक पाठवू नये. सेवकराम सुताराने दोन दिवस छिन्नी मारून माती काढली (हसतही दोन दिवसच होता). ताटल्या मी गल्लीत सगळ्यांना दाखवल्या आणि गोवऱ्या का जळल्या नाहीत तेही सांगितले. शांतीबाईने माझ्या तोंडून ते दोनदा वदवून घेतले.

ता. क. – शामकला, दादा इथपर्यंत मोठ्याने वाचत आले असतील तर तू ऐकलेच आहेस. माती माझी होती, तुझ्या थापण्यात काही खोट नव्हती, आणि मी चारचौघांत बोललो ते वाईट बोललो. सोमवारी रेंगी घेऊन निघतो. चाक थोडे डुगडुगते, पण सेवकराम म्हणतो की रिकामी रेंगी अशीच डुगडुगणार, तू बसलीस की बसेल.