भावजींचं भाषण

ऑकलंडकर सियाओसी भावजी,

मी नवी सून असताना माझ्या गावठी बोलण्याला तुम्हीच हसायचात. तिकडं तीस वर्षांत तुमची सामोअन जीभ पार झिजली. हे गेले, तसे कुळाची सरदारकी घ्यायला आलात आणि म्हणालात, "वहिनी, बैठकीतलं भाषण लिहून द्या."

दिलं. आपल्यात भाषणात स्वतःला कमीच लेखायचं असतं, म्हणून एखाददुसरा शब्द कळला तरी तुम्हाला शंका आली नाही. सगळ्यांपुढं छान हसत म्हणालात, "मी नालायक, सरदारकी पुतण्याला द्या." म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या.

"आवडलं वाटतं," तुम्ही माझ्या कानात म्हणालात.

"फार," मी म्हणाले.

उद्या कावाची, सरदाराच्या मानाच्या पेयाची, वाटी माझ्या मुलाच्या, पेनीच्या नावानं पुकारतील. तेवढं तुम्हाला समजेल. तोवर त्याचा नवा सदरा इस्त्री करून ठेवते, आणि हे पत्र चुलीत घालते.

तुमची वहिनी,
फिलेमू