फाटकापर्यंतची सोबत

३ मार्च
आलो एकदाचे! ही सराई आता आमच्या हाती. नऊ खोल्या, लांबलचक व्हरांडा, प्रत्येक खोलीत लोखंडी पलंग. पूर्वी इथे घोडेवाले उतरायचे, मग बैलगाड्या, आता मोटारी. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालंय. सकाळपासून शिट्टी वाजवत कड्या-कोयंडे तपासतायत. आधीच्या म्हाताऱ्या मालकिणीने किल्ल्या देताना एकच गोष्ट तीनदा सांगितली. मुक्काम हलवून निघालेल्या कुणालाही, घरच्यालासुद्धा, फाटकापर्यंत सोडायला जायचंच, तो वळणाआड होईपर्यंत उभं राहायचं, आणि जायचं ते ज्यांच्या हाती सराई त्यांनीच. नोकराने सोडलेलं चालत नाही. मी हो हो म्हटलं. म्हातारं माणूस, बोलायला कुणी नसतं बिचारीला.

९ मार्च
सहा खोल्या भरल्या! पायांचे तुकडे पडलेत. सकाळी नऊला चार नंबरमधला फिरता चष्मेवाला निघाला, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणात, हे बाजारात. मी आतूनच ओरडले, सावकाश जा हो. इथल्या जुन्या आचाऱ्याने पातेलं खाली ठेवलं आणि अजून पळालात तर गाठाल म्हणाला. मी म्हटलं, एवढा घोडा झालेला माणूस, त्याला फाटक सापडेल की!

११ मार्च
काल मी स्वतः ताणून घातलेली चार नंबरची चादर आज चुरगळलेली. टॉवेल ओला. त्या खोलीत कुणीच उतरलेलं नाही. आचारी म्हणाला, चष्मेवाला राहिलाय, त्याचा चहा ठेवत जा. मला हसू आलं. गंमत म्हणून ठेवला. तासाभराने कप रिकामा होता. हसू पळालं.

१२ मार्च
चष्मेवाल्याच्या बायकोचा फोन. नवरा घरी पोचला, पण तीन दिवस पायरीवरच बसलाय, बूट घालून, बॅग मांडीवर. जेवत नाही, हाकेला ओ देत नाही. काय केलंत त्याला, विचारत होती. मी काय सांगणार, कपाळ? आचारी म्हणतो, त्याला परत इथे आणून नीट सोडलं तरच तो सुटेल. मी बाईंना तसं सांगितलं. तिने मला वेड्यात काढून फोन ठेवला. आता प्रत्येक पाहुण्यामागे मी फाटकापर्यंत धावतेय, एकालाही चुकवत नाही.

१४ मार्च
ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, सराई सोडू. हे म्हणाले, जन्मात पहिल्यांदा काही स्वतःचं मिळालंय आणि तुला भुतं दिसतायत. मग बसा चिकटून मुंगळ्यासारखे, असं म्हणून मी खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने फाटक करकरलं. बहिणीकडे गेले असणार. जाऊ देत, म्हटलं. आणि मग एकदम लक्षात आलं. अनवाणी धावले. रस्ता रिकामा. बस वळणाआड गेलेली. देवा, रागाच्या भरात मी काय करून बसले हे!

१५ मार्च
भरदुपारी व्हरांड्यात शिट्टी. ह्यांचीच. जाऊन पाहिलं — कुणी नाही.
नणंदेचा फोन. वहिनी, दादा पायरीवरून उठतच नाहीये. पिशवी मांडीवर —
मी घेऊन येईन त्यांना. हाताला धरून आणेन. कान धरून माफी मागेन आणि नीट सोडेन.

१६ मार्च, सकाळ
निघतेय. मला सोडायला कोण? हे तिकडे. आचाऱ्याला म्हटलं, तूच चल. तो नको नको म्हणत होता, त्याचा हक्क नाही म्हणे. ओढतच फाटकाशी उभा केला. थांबायला वेळ नाही. तिथे हे उपाशी —

दुपार
बसमध्ये बसले होते ना मी? खिडकीशी — मग व्हरांड्यात कशी?
आचाऱ्याला हाक मारली. शेजारून गेला. बघितलंसुद्धा नाही.

हे दिसतायत. बाकावर. मला बघून रडले. मीही.

फोन. आचाऱ्याने घेतला. मी कान लावला. नणंद हुंदके देत होती — वहिनी आली, पण दादाशेजारी पायरीवर — दोघंही बोलत नाहीत — आत्ताच गाडीत घालून घेऊन येते —

आचारी म्हणाला, आणू नका. आणून काय उपयोग. त्यांना सोडायला आता इथे कुणी उरलंच नाही.