तांडेल जिवंत आहे का?

५ जुलै, शनिवार

अनिशशी बोलणं बंद. कायमचं!

ग्रुपवर सगळ्यांसमोर म्हणतो, "अपेक्षा डोक्याने नाही, रडून थिअरी लिहिते." कॉलेजपासूनचा मित्र, आणि ही भाषा! का, तर मी म्हणते तांडेल जिवंत आहे आणि तो म्हणतो मेला.

'सातवा दीप' ह्या ॲनिमेशन मालिकेवर मी आजवर जितकं लिहिलंय तितकं बी.कॉम.च्या पेपरात लिहिलं असतं तर आज हिंदमाताला साड्यांच्या दुकानात मोबाईलसमोर उभी राहून "ताई, हा पदर बघा" करत नसते. असो. सात बेटं, सात दिवे, आणि ते दिवे राखणारा म्हातारा तांडेल. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सातवा दिवा छातीशी धरून त्याने समुद्रात उडी मारली, स्क्रीन काळी झाली आणि तिथेच थांबवलं त्या दुष्टांनी. शेवटचा भाग आता पंधरा ऑगस्टला. तोपर्यंत आम्ही डोकं आपटायचं.

प्रेत दाखवलं नाही म्हणजे माणूस जिवंत. हा पहिला नियम. अनिश म्हणतो, ट्रेलरमध्ये पाण्यातून वर येणाऱ्या हाताला पाच बोटं आहेत, आणि तांडेलाची करंगळी दोरात तुटलीय. अरे, पाचवं बोट नाही ते, सावली आहे! मी झूम करून लाल गोल काढून पाठवलं. त्याने हसण्याचं चिन्ह टाकलं.

७ जुलै, सोमवार

जिंकले! मंडळाच्या मीटिंगमध्ये यंदाचा हलता देखावा 'सातवा दीप' ठरला. म्हातारे कुरकुरले, "कार्टून काय गणपतीत!" पण घोडपदेवमधली एकूण एक पोरं माझ्या बाजूने खिडकीत लटकली होती.

संहिता माझी. मूर्ती आणि यंत्रं निलेशची. तो सिनेमाच्या सेटवर काम करतो आणि जुन्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरवर काय वाट्टेल ते हलवून दाखवतो. निवेदन बाबांचं, दरवर्षीप्रमाणे. शिवडीच्या गोदामात जन्मभर ट्रकचे नंबर पुकारलेला आवाज. माइक लागत नाही, उगाच आपला शोभेला ठेवतात.

निलेशने एकच विचारलं, "शेवटी तांडेलाचा हात पाण्यातून वर काढायचा की नाही? मोटर तशी बसवायला लागेल."

मी म्हटलं काढायचा. बाबा म्हणाले, "थांबा. शेवट बघून मगच. अर्धवट गोष्ट मांडवात सांगूची नाय, आणि खोटी तर नायच नाय."

बोलताना मध्येच खोकले. घसा महिनाभर बसलाय. आईचा काढा चालू आहे.

९ जुलै, बुधवार

काढा बास. उद्या बाबांना डॉक्टरकडे नेतेय. ओढत.

१६ जुलै, बुधवार

कॅन्सर आहे. स्वरयंत्राचा.

लिहून बघितलं. लिहूनही खरं वाटत नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खुर्ची जवळ ओढून बसल्या. म्हणाल्या, वेळेत आलात, अजून बाहेर पसरलेला नाही. पण स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास. जीव वाचण्याची चांगली आशा आहे, फक्त थांबू नका.

बाबांनी विचारलं, "आणि आवाज?"

त्या म्हणाल्या, पुढे यंत्र वगैरे बसवता येतं, थोडंफार बोलता येतं. हा आवाज मात्र नाही.

घरी येताना टॅक्सीत आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि माझ्या बोटांचा चुरा करत होती.

१८ जुलै, शुक्रवार

अठ्ठावीस तारीख मिळालीय ऑपरेशनची. बाबा नाही म्हणतात!

"गणपती होवंदे. विसर्जन झाला की दुसऱ्या दिवशी कापा काय कापायचा ता."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दीड महिना? अजिबात नाही. आज स्वरयंत्रापुरतं आहे, दीड महिन्याने काय असेल मी सांगू शकत नाही.

मग घरात जे भांडण झालं ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. मी म्हटलं निवेदन मी करते, दिवसभर बोलायचाच धंदा आहे माझा. बाबा म्हणाले, "कर ना, पुढल्या वर्षीपासून तूच कर. ह्या वर्षी शेवटचा माका करू दे." मी म्हटलं, मग आत्ता करा रेकॉर्ड! तर म्हणतात, "शेवट खंय आसा? पंधरा तारखेक बघतलंव, सोळाक रेकॉर्ड करतलंव."

आई भांडं आपटून म्हणाली, "अवो, त्या कार्टुनासाठी जीव टाकताय? लाज नाय वाटत?"

बाबा उठले. गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकं कळलं. तीस वर्षं हा माणूस मंडपात बोलतो तेव्हा लालबागहून माणसं वाकडी वाट करून येतात. एरवी त्याला कोण विचारतं?

२० जुलै, रविवार

बाबांनी दोन्ही सीझन पुन्हा लावायला लावले. म्हणे, शेवट आपणच शोधून काढू, नक्की कळला तर रेकॉर्ड करतो. मी तर हरखलेच!

उडीच्या प्रसंगावर पॉज करून चष्मा पुसून बघत बसले. "भरती असली तर लाट त्याका किनाऱ्याक आणून टाकतली. ओहोटी असली तर गेलो." भरती-ओहोटी नांगरलेल्या होड्यांच्या तोंडावरून कळते म्हणे. मी एकेक फ्रेम पुढे सरकवली. एक होडी इकडे तोंड करून, एक तिकडे, एक चक्क आभाळाकडे.

"ह्येंनी जन्मात होडी बघूक नाय!" बाबा वैतागले.

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता त्यांना खोकला आला तो थांबेचना. रुमालावर लाल दिसलं. त्यांनी पटकन घडी घातली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२२ जुलै, मंगळवार

नाक मुठीत धरून अनिशला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या थिअरीत पुरावे जास्त आहेत हे मला माहितेय. तुला काय वाटतं, बाबांना पटेल?

तो म्हणाला, "पटेल. पण ऑपरेशनला चाललेल्या माणसाला तांडेल मेला असं सांगणार तू?"

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

मग तोच म्हणाला, "जिवंत आहे म्हण. लीक झालंय म्हण. मी येतो साक्षीला."

हा तोच अनिश, जो लीक बघणाऱ्यांना ग्रुपमधून हाकलून देतो!

२३ जुलै, बुधवार

खोटं बोलले. बाबांच्या डोळ्यांत बघून, सरळ.

म्हटलं, माझ्याकडून लाईव्हवर साड्या घेणारी एक बाई आहे, तिचा मुलगा त्या ॲनिमेशनच्या ऑफिसात आहे. त्याने शेवटचा भाग बघितलाय. तांडेल वाचतो. हात वर येतो, दिवा पेटलेला असतो.

अनिश गिरगावहून खास आला होता. मान खाली घालून म्हणाला, "काका, मी चुकलो. अपूचं बरोबर होतं." काय नट आहे! चहाबरोबर तीन बटर खाल्ले वर.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ. "नक्की गो?"

"नक्की."

"बरा तर. स्टुडिओवाल्या राजेशाक फोन लाव. उद्याच करू."

आई देवापुढे जाऊन बसली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, नळ मोठा सोडून.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची अमावस्या. आईने समया घासून पाटावर मांडल्या, तिथे नमस्कार करून परळला राजेशच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग त्याच्याकडेच.

बाबा दर दोन वाक्यांनी पाणी पीत होते. पण आवाज लागला! फाटका, चिरलेला, तरी बाबांचाच. मंडपात बोलतात तसं घरचं मालवणी बाजूला ठेवून एकदम छापील मराठी. "आणि पाहा! लाटांमधून तांडेलाचा हात वर आला! दिवा तेवत होता!" राजेश काचेपलीकडे डोळे पुसत होता. मी नाही रडले. खोटं माझं होतं, रडायचा हक्क कुठला?

मग मी टॅक्सी बघायला खाली उतरले. बाबा पाणी पिऊन येतो म्हणाले ते येतायत कुठे! टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला. आल्यावर मी उगाच ओरडले त्यांच्यावर. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

२८ जुलै, सोमवार

आत नेताना मला म्हणाले, "आईक सांभाळ." हे शेवटचं वाक्य. रेकॉर्ड करायला हवं होतं, हा विचार नंतर आला.

२९ जुलै, मंगळवार

नीट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं काढलंय, वेळेवर आलात.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

घरी आणलं. शेजारच्या छोट्या नलूने आपली जादूची पाटी दिलीय, लिहायचं आणि वरचा कागद उचलला की पुसलं. बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं, "चहा कधी?" नळीतून पोटात जातंय सगळं अजून, आणि ह्यांना चहा!

आई रडली आणि हसली आणि पाटी भिंतीवर फेकायला निघाली.

निलेश येऊन गेला. होड्या हलतायत, लाटा झाल्या. हाताची मोटर बसवली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

तांडेल मेला.

शंका ठेवलीच नाही. मालिकेतली नायिका इरा समुद्राच्या तळाशी जाते आणि तिला तो सापडतो, दिव्याला मिठी मारून बसलेला. विझलेला दिवा. सगळं दाखवलं, तोंडसुद्धा. ट्रेलरमधला हात इराचा होता, पाच बोटांचा. अनिश पूर्ण बरोबर. त्याचा एकच मेसेज आला, "सॉरी अपू." जिंकलेल्या माणसाचा असा मेसेज मी पहिल्यांदा बघितला.

नलू आणि सात-आठ पोरं आमच्याकडेच बघायला बसली होती. नलू हुंदके देत घरी गेली.

आणि मी? आता मंडपात बाबांचा आवाज दरवेळी "हात वर आला" म्हणणार आणि पोरं हसणार. तीस वर्षं खोटं बोलला नाही तो माणूस, आणि त्याच्या शेवटच्या शब्दांत मी माझं खोटं भरलं. पुन्हा रेकॉर्ड करायला आवाज आणू कुठून?

बाबांच्या पायाशी बसले. म्हटलं, बाबा, ती बाई नव्हती, तिचा मुलगाही नव्हता. त्यांनी हातानेच थांबवलं. पाटीवर लिहिलं, "राजेशकडे जा."

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. गोविंदांच्या ट्रकमधून वाट काढत परळला पोचले. राजेश म्हणाला, "त्या दिवशी तू खाली टॅक्सी बघत होतीस ना, तेव्हा काकांनी शेवट परत केला. वेगळा."

मी खुर्ची ओढली. तर म्हणतो, "तुला नाही ऐकवायचा. काकांची ताकीद आहे, मंडपातच लागेल."

म्हणजे बाबांना तेव्हाच माहीत होतं? मग ऑपरेशनला तयार का झाले? घरी येऊन हेच विचारलं. पाटीवर उत्तर, "मांडवात." पुन्हा विचारलं. "मांडवात!!" भांडायला आवाज लागत नाही हे आज कळलं.

२४ ऑगस्ट, रविवार

राजेशने निलेशलाही फितवलंय. हाताची मोटर बाकी यंत्रापासून सुटी करून तिला वेगळं बटण ठेवलंय, निलेश स्वतः दाबणार. कधी, का, काही सांगत नाही. मला भीती वाटते. बाबा मंडपात सगळ्यांसमोर तांडेल मेला म्हणतील आणि ते मला ऐकावं लागेल. खरं तेच आहे, म्हणू देत. पण त्या आवाजात नको.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा बसले. संध्याकाळी पहिला खेळ. पहिल्या रांगेत बाबा, गळ्याला आईचा पांढरा रुमाल. पुढे सतरंजीवर सगळी पोरं.

तांडेलाने उडी मारली, मंडपात अंधार झाला. इथवर बाबांचं छापील मराठी. मग खोकला, पाण्याचा घोट, आणि मंडपात कधी न बोललेलं घरचं मालवणी.

"पुढे काय झाला, माका ठावक नाय. माझा चेडू अपू सांगता, तांडेल जिवंत आसा. खोटा सांगता, माका कळता. पण मी तेच्यावर इस्वास ठेवन ऑपरेशनाक चललंय. पोरांनू, तुमी काय म्हणतास?"

रेकॉर्डिंग थांबलं.

ह्यातल्या प्रत्येक पोराने शेवटचा भाग बघितलाय. आधी नलू ओरडली, मग सगळीच, "जिवंत आहे!" निलेशने बटण दाबलं, हात वर आला, चार बोटांचा. आणि पहिल्या रांगेत बाबा दोन्ही हात वर करून पोरांबरोबर बिनआवाजाचे ओरडत होते.