लोखंडाचं उत्तर

२७ डिसेंबर
परत ४७९. पुस्तकात ४९२ एमईव्ही. लोखंडाच्या न्यूक्लियसची बायंडिंग एनर्जी. सुट्ट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या वजनाची बेरीज, त्यातून अख्ख्या लोखंडाचं वजन वजा, जी तूट येती तिची एनर्जी. एवढंच तर हाय! तेरा कुठं गळतंय कळंना. न्यूक्लियरचा पेपर दोनदा गेलाय, हा शेवटचा चान्स. नाय निघाला तर एमएस्सी संपली. मला बघायला येणाऱ्या पाव्हण्यांना आबांनी निकालापर्यंत थांबवलंय. पुढचं लिहीत नाय.

३० डिसें.
रूमवर नसरीन म्हणती, "छोड दे गे, एकइच सवाल तो है." तिचा विषय इतिहास, तिला काय जातंय! सरांना गाठलं. वही न बघताच म्हणाले, "गणितं सोड, थिअरी पाठ कर." डोकं सणकलं. बरं सर, म्हणून आले.

५ जाने.
पेपर झाला. लोखंडच आलं, तेही सक्तीचं. केलं तर ४७९. खाली नुसतं ४९२ ठोकून द्यावं वाटलं, हात धजला नाय. बाकीचं पण अर्धवट. उस्मानपुऱ्यातल्या रूमपर्यंत चालत आले. रिक्षात लोकांपुढं रडायचं नव्हतं.

११ जाने.
हर्सूलच्या पुढं, आबांच्या तळावर. मेंढरांची कातरणी चाललेली. आबा व्यापाऱ्यावर खवळलेले. "काल लोकरीसकट तोललं, आज कातरल्यावर तोलतो, अन् मलाच म्हणतो वजन घटलं!"
मी लई हसले. मग एकदम लोखंडाचं गणित आठवलं.
टेबलात लोखंडाचं वजन इलेक्ट्रॉनसकट दिलेलं असतं. मी प्रोटॉन मात्र बोडके, बिनइलेक्ट्रॉनचे घेत होते. प्रोटॉनच्या जागी हायड्रोजनचं, म्हणजे एका इलेक्ट्रॉनसकट प्रोटॉनचं वजन घ्यायचं, मग दोन्हीकडं इलेक्ट्रॉन सारखे. तिथंच मोबाईलवर केलं. ४९२!
"आबा, सुटलं! उत्तर बरोबर आलं!" ओरडलेच. आबांनी कात्री खाली ठेवून डोक्यावरून हात फिरवला.
परत येताना रडून घेतलं. आता सुटून काय उपयोग. पेपर कधीच जमा झाला.

१९ जाने.
निकाल अजून लागला नाय. सगळीकडं हात सैल सोडून मार्क धरले, तरी पास होत नाय. जेवण जाईना. नसरीननं खिचडी आणून ठेवली, तशीच पडली.

२४ जाने.
आईचा फोन. आबांनी तळावर पेढे वाटले म्हणं. पाव्हण्यांना नको म्हणून कळवून टाकलं, पोरगी पास झाली, अजून शिकणार हाय. मी म्हणलं, आबांना फोन दे.
मग आबा आले फोनवर. "तूच म्हणलीस ना, बरोबर आलं?"
"व्हय आबा, पण..."
"लई बरं झालं बघ. आता कुणाचं ऐकायचं नाय." अन् ठेवला फोन.
निकालाची साईट अजून उघडंना. परत फोन लावून खरं सांगायचं म्हणून कवाची बसलीये. लावला तर आबाच उचलतील.