चातुर्मासात सोडलेल्या गोळ्या

पारोळा, आषाढ वद्य द्वादशी, १९८९

संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या सुशीलेने धुळ्याच्या डॉक्टरांच्या धास्तीवरच्या गोळ्या सोडल्या! चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, हिने गोळ्या. वर म्हणते, "अहो, ब्राह्मी घेतेय ना!"

ती ब्राह्मी सावद्याहून माझ्या अक्काने पाठवलेली, केळीच्या पाटाकडेची, ओल्या फडक्यात गुंडाळून. निरोपही तिचाच: "ब्राह्मीमा बठ्ठं शे, गोया कसाले?" म्हणजे ब्राह्मीत सगळं आलं, गोळ्या कशाला. अक्काला काय बोलू? तो हिरवट कडू वास आला की मीच विरघळतो. आई डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळायची आणि मी शाळेतली कविता घोकायचो. मन कसं शांत असायचं. पण ते तेलामुळे, कवितेमुळे, की आईच्या हातामुळे?

पाल्यात गुण असेलही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा भाचा म्हणतो, "नाना, त्यातले अर्क तपासताहेत, पण खात्रीने सांगता येत नाही अजून." आणि इथे सुशीलेची धास्ती परतली. आज नुसती कडी वाजली तर देवघरात जाऊन बसली.

नाही, आता त्या वासाला भुलायचं नाही. उद्या पहिल्या गाडीने धुळे, पाल्यासकट. दोन्ही एकत्र चालतं का, डॉक्टरांनाच विचारायचं. तिला सांगितलं.

"देवापुढे बोललेय मी. मोडू कसं?"

"तुझ्याबदली मी सोडतो. वांग्याचं भरीत."

"चार महिने? तुम्ही?"

"चार महिने."

तेव्हा कुठे उठून पिशवी भरायला लागली.