व्याह्यांना दिलेली गोळी

१४ जुलै, दुपार

चि. बबडी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला. तुझे सासरे परवा हॉस्पिटलातून घरी आले. उजवी बाजू लुळीच आहे, बोलणंही गेलंय. विहीणबाई भरवतात. बाबा रोज सकाळी जाऊन नुसते उशाशी बसतात.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण पोटात राहत नाही गं.

दोघा व्याह्यांनी त्या औषधांच्या चाचणीत नावं घातली होती ना, बीपीच्या दोन गोळ्यांत सरस कुठली ते बघायला? कुणाला कुठली मिळाली, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं म्हणे. बाबांचं बीपी झरझर उतरलं, तुझ्या सासऱ्यांचं हटेना. झालं! बाबांमधला मुलीचा बाप जागा झाला. "चांगली गोळी मी खाऊ आणि व्याह्यांना डावी? शोभतं का?" ते "अहो, नको नको" म्हणतायत आणि हे पंगतीत वाढल्यासारखा आग्रह करतायत! शेवटी डब्यांची अदलाबदल केली. पुढच्याच आठवड्यात ते न्हाणीघरात कोसळले.

गोळीनेच झालं का, देव जाणे. डॉक्टरांना सांगितलं तर कळेल तरी. पण हे सांगू देत नाहीत, आणि तेव्हापासून स्वतः एकही गोळी घेत नाहीत. काल चाचणीच्या नर्सने यांच्या बीपीचा आकडा बघून पट्टा पुन्हा बांधला, तिचा विश्वासच बसेना. मी रडले, भांडले, आमटीत गोळी कुटून घातली. हे ताट सरकवून उठले. म्हणे, "व्याह्यांनी आपल्या तोंडाने 'घ्या' म्हटलं, की घेईन."

आज हिय्या करून मी त्यांच्याकडेच गेले. बाबांच्या देखत हात जोडले, म्हटलं, "एवढं सांगा हो यांना." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. डाव्या हाताने बाबांचं मनगट धरलं, ओठ हलवले, पुन्हा हलवले. शब्द फुटेना. बाबा कान लावून किती वेळ वाकून राहिले.

मग उठले आणि मला म्हणाले, "बघितलंस? मी त्यांच्या मनातून उतरलोय."

काय करू गं मी या माणसाचं? जावईबापूंना सांगायचं, डॉक्टरांना सांगायचं, की कुणालाच नाही, ते तूच ठरव. माझी मती गुंग झालीय. पण बाई, लवकर ठरव.

तुझ्या बाबांना जपता न येणारी,
तुझी आई