व्हायोलिनसारखी ठणठणीत आई

ती. आईला इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वृद्धाश्रमातलं काम अंगवळणी पडलंय. इंग्रजीच्या वर्गात सध्या दुखण्याचे शब्द शिकवतात: ठणक, चमक, मुंग्या. ठणठणीत माणसाला इंग्रजीत व्हायोलिनची उपमा देतात. फोनवर तू नेहमी तशीच असतेस.

गुडघा सुजल्याचं मात्र दादाकडून कळलं. वहिनीला म्हणे तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. तीच शेकते, तीच तेल लावते. लावू दे. तिचा हात जड आहे, असं तूच म्हणायचीस.

इथल्या एक आजी माझ्याशिवाय कुणाला पायाला हात लावू देत नाहीत. कुठे दुखतं ते मला इंग्रजीत सांगतात. तू मराठीतसुद्धा सांगत नाहीस.

तुझीच,
धाकटी

ता. क. वहिनीला म्हणावं, तेल कोमट करून लावायचं.